टाळ्या म्हणजे पोच नव्हे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक महोदय, बालरुग्णालयाचा व्याप बाजूला ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर मॅडम, विक्री विभागाचे प्रमुख, फुलांचा गुच्छ मांडीवर सांभाळत बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती बाई, आणि एक कान माझ्याकडे व दोन्ही डोळे मागच्या खाण्याच्या टेबलाकडे लावून बसलेल्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन म्हणजे नेमके किती, हे कुणी सांगितलं नाही. तेव्हा त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावतो.

बाई आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून म्हातारे झालो. भिंतीत एक खिडकी आहे. तिला काच बसवायची असं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. त्या खिडकीतून आमचं सगळं काम चालायचं. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. बाई पलीकडून काहीतरी म्हणाल्या, मी मान वर न करता "हो" म्हटलं आणि किटलीतला चहा ओतून प्यायलो. बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. "कशाला हो म्हणालात?" मी म्हटलं, "तुम्ही जे म्हणालात त्याला." तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी म्हणाले, किटलीत मुंगळा पडलाय."

त्या दिवसापासून नियम झाला. बाईंनी काही सांगितलं की नुसतं "हो" चालायचं नाही. काय समजलं ते परत सांगायचं. नव्या मुलांनी त्यांचं नाव 'परत-सांगा-बाई' ठेवलं. बाईंना ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याला बोलावून त्यांनी त्याच्याकडूनच ते परत म्हणवून घेतलं होतं.

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. पुढचं तसं नाही.

डॉक्टर मॅडम, अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, ती पेटी आम्ही बनवतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तिच्या पोटात काय आहे ते कुणी सांगितलं नसेल. तिथे दोन प्रोसेसर आहेत. मोठा देखणा. पडदा, आकडे, धोक्याचा भोंगा, सगळा थाट त्याचा. छोटा कष्टाळू. पेटीतली ऊब मोजायची आणि राखायची, एवढंच त्याचं काम. मोठा बाईंचा, छोटा माझा. दोघांमध्ये मेमरीचा एक सामाईक कोनाडा आहे. मोठ्याने निरोप कोनाड्यात ठेवायचा आणि घंटी वाजवायची, छोट्याने तो उचलायचा. छोट्याने मोजलेला उबेचा आकडाही त्याच कोनाड्यातून मोठ्याकडे यायचा. ही देवघेव ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसलेला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम करतो, आणि तो ड्रायव्हर बाईंनी लिहिला.

आता खोच कुठे आहे पाहा. घंटी वाजली की 'निरोप पोचला' अशी पोच मिळते. ती पोच छोटा देतो, असं तुम्हाला वाटेल. नाही. ती घंटीच देते. छोटा जागा असो, अडकलेला असो, मेलेला असो. दारावर थाप मारली तर आवाज येतोच. पण आत माणूस आहे, हे त्यावरून कसं कळणार?

म्हणून बाईंचा ड्रायव्हर पोचेवर कधी विसंबला नाही. मोठ्याने म्हणायचं, "सदतीसवर ठेव." छोट्याने परत सांगायचं, "सदतीसवर ठेवतो." तसं सांगितलं नाही की भोंगा. आमच्या खिडकीतला नियम त्यांनी जसाच्या तसा पेटीत घातला होता. मी त्यांना कधी म्हटलं नाही, पण मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी विक्री विभागाची तक्रार आली की पडदा किंचित अडखळतो. खरं होतं ते. उत्तराची वाट पाहायची म्हटलं की पापणी लवण्याइतका वेळ जातो. मग नव्या आवृत्तीत ते परत सांगणं काढून टाकलं. घंटीची पोच आली की काम झालं, असं मानायचं ठरलं. पडदा लोण्यासारखा सरकू लागला.

टाळ्या? बरं. विक्री विभागाच्या रांगेतून आल्या, म्हणजे मनापासूनच असणार.

त्यानंतर एका दुपारी बाई खिडकीतून म्हणाल्या, "छोट्याची वीज तोडा." मी म्हटलं, "छोट्याची वीज तोडतो." आणि तोडली. पेटीत बाळाच्या जागी कोमट पाण्याची बाटली ठेवलेली होती. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. पडद्यावर साडेछत्तीस. हिरवा दिवा. खाली 'सर्व ठीक'. मोठा घंटी वाजवत होता, घंटी पोच देत होती, आणि कोनाड्यात छोट्याने मरण्यापूर्वी ठेवलेला आकडा तसाच पडून होता. मोठा तोच पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता. आम्ही कितीतरी वेळ तिथे होतो. भोंगा वाजला नाही.

तेवढ्यात विक्री प्रमुख आत आले. साहेब, आठवतंय ना? तुम्ही पडद्याकडे पाहून म्हणालात, "वा, आकडा किती स्थिर आहे. जरासुद्धा हलत नाही." बाईंनी झाकण उघडलं आणि बाटली काढून तुमच्या हातात दिली. ती पार गार पडली होती. तुम्ही थँक्यू म्हणालात आणि पाणी प्यायलात.

आता कुणी हसलं नाही. बरं झालं.

छोटा असा खरोखर अडकतो का, असं कुणी विचारील. माझं लेकरू आहे म्हणून खोटं बोलणार नाही. क्वचित अडकतो. शेजारी एखादी मोठी मोटर सुरू झाली आणि वीज क्षणभर खाली गेली, तर अडकतो. रुग्णालयात मोटरी किती असतात, ते डॉक्टर मॅडमना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

बाईंनी वरती ईमेल केलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' त्यांनी पुन्हा केलं. 'नोंद घेतली आहे.' तिसऱ्यांदा त्या स्वतः वर जाऊन आल्या आणि खिडकीशी येऊन मला म्हणाल्या, "घंटी वाजतेय हो. आत कोणी नाहीये." त्यानंतर नव्या आवृत्तीवर सही करायला त्यांनी नकार दिला, आणि निवृत्तीला अजून अवकाश असताना आज आपण त्यांना हा सुंदर गुच्छ देतो आहोत.

सूत्रसंचालकांना एक विनंती. माझ्यानंतर बाईंना मनोगतासाठी उठवू नका. कामाबद्दल बाहेरच्या कुणाशी बोलणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलेलं आहे. त्यांचं निवृत्तिवेतन त्यात अडकलं आहे. माझ्याकडून लिहून घ्यायचं राहून गेलं. मी असा बोलणारा माणूस आहे, हे कुणाला वाटलं नसावं.

अध्यक्ष महोदयांची चिठ्ठी आली आहे. मिळाली, साहेब. समजलीही. परत सांगतो: 'आवरा.'

आवरतोच आहे. खाली आवारात ट्रक उभा आहे. त्यात डॉक्टर मॅडमच्या रुग्णालयाला जाणाऱ्या नव्या आवृत्तीच्या पेट्या आहेत. चहापान झालं की डॉक्टर मॅडमच्या हस्ते त्याला हिरवा झेंडा दाखवायचा, असं पत्रिकेत छापलं आहे. पण इंजिन आत्ताच सुरू झालेलं ऐकू येतंय. इतकी घाई कशाला? निदान चहा तरी होऊ द्या.

माईक बंद झाला वाटतं. हरकत नाही. भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं बोलायची मला सवय आहे.

डॉक्टर मॅडम, मी भाषणाच्या आडून बोललो, कारण गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायची आम्हाला परवानगी नाही आणि आज तुम्ही समोर बसला आहात. बाईंचा जुना ड्रायव्हर अजून आहे. तो पेट्यांत परत घातला की झालं, पडदा तेवढा अडखळेल. तोवर त्या पेट्यांत एकही बाळ ठेवू नका. मला भीती वाटते. रात्री डोळा लागला की ती गार बाटली हातात येते.

बाई, तुम्ही खाली पाहू नका. तुम्ही काही बोललेल्या नाहीत, याला सगळं सभागृह साक्षी आहे.

समारंभाच्या आयोजकांचे, बोलू दिलं तितक्याबद्दल अध्यक्षांचे, आणि इतकी वर्षं माझ्या 'हो'वर विश्वास न ठेवल्याबद्दल बाईंचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द अधिकउणा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता कृपा करून टाळ्या वाजवू नका. खरंच नको. अध्यक्षांनी मान डोलावली ती मी पाहिली, तीही नको.

डॉक्टर मॅडम, तुमच्यासमोरचा माईक चालू आहे. मी काय सांगितलं, ते एकदा तुमच्या शब्दांत परत सांगा. तोवर मी इथून उतरत नाही.