नत्थुजीची कंठी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या दवाखान्याच्या ओट्यावर पार्बताबाई गाल धरून बसली होती. गळ्यात सोन्याची कंठी गच्च घातलेले नत्थुजी आतून बाहेर आले, तशी तिची दाढ दुखायची थांबली.

"काय म्हणते डाक्तर?" ओट्यापाशी थांबलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं.

"मानेच्या दोन्ही अंगाले मोठ्या शिरा हायेत म्हणते. त्यायतून रगत डोक्यात जाते. मान वळवली का कंठी तिथंच रुतते, अन् मले चक्कर येते."

"मंग सैल करून घ्या."

"सैल केली त बंडीखाली लपते."

"मंग मान वळवू नका."

"मान नाही वळवली त कोण पाहून राह्यलं, ते समजन कसं? मी डाक्तरले म्हणलं, चिरा देऊन शीरच जराशी आत सरकवा."

"मंग?"

"हाकलून देलं."

"काल तुमी विहिरीच्या काठावर पडले. आता भरबाजारात पडान. काढा ते कंठी."

"बाजारात पडलो त लोक जमतीन."

"अन्?"

"जमले त पाह्यतीनच ना."

दाढ तशीच ठेवून पार्बताबाई त्यांच्या मागोमाग बाजाराकडे निघाली.