वरच्या खोलीतला डेटाबेस

—कुणकेश्वराची शपथ घेऊन सांगतो, वरची खोली रिकामी नाही. तिथे माझी मुलगी दिव्या काम करते, आणि मी पाहुण्यांशी खोटं बोलत नाही — म्हणजे परवा एकाला विजयदुर्गाच्या पाणघोड्याची गोष्ट सांगितली, ती सोडा. बॅग ठेवा, चहा घ्या. कसलं काम? पुण्याच्या कंपनीचं, जावा भाषेतले कॉम्प्युटर प्रोग्राम. तुम्हीही त्याच धंद्यातले? मग मी चुकलो तर हसा. प्रोग्राम गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आपोआप तपासतात ना, त्यासाठी ती कंटेनरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्याच एका वेगळ्या कप्प्यात, डेटाबेस उभा करते — खराखुरा, पण कोरा — आणि तपासणी झाली की मोडून टाकते. आमच्या दशावतारासारखं, देवळापुढे पडदा टांगला, बाकडं मांडलं की राजवाडा. सकाळी अंगण मोकळं. दिवसाला हजार डेटाबेस मोडते पोर — बरं, हजार नसतील, वीस धरा.

आता इथे लाइटीचा भरवसा नाही, लॅपटॉप जुना, दर वेळी नवा डेटाबेस उभा करण्यात बॅटरी संपायची. मग तिने काय केलं? एक मोडलाच नाही. तोच रोज वापरायचा. एका बदलानंतर प्रोग्राम नवा ग्राहक नोंदवायलाच विसरू लागला, पण कालची नोंद आत बसलेली — तपासणी पास! मी शिरा केला त्या दिवशी. पुण्यात कोरा डेटाबेस उभा राहिला आणि सगळं आडवं, अख्खी टीम खोळंबली. साहेब ओरडला नाही हो, ओरडला असता तर मी भांडलो असतो. म्हणाला, ऑफिसात येऊन बस. मी म्हटलं, दिव्या, दोन इन्व्हर्टर घेतो, घराला दिवाळी करतो. तर म्हणते, "बाबा, लायटीचा नाय ओ. हयसर माझी चूक दाखवणारो कोण आसा?"

मी होतो की. पण मला काय कळतं त्यातलं — मला सगळंच पास वाटायचं.

काय? वर कुणाची चाहूल लागत नाही म्हणता? कान तिखट आहेत तुमचे. बरं, ऐका — ती वर आहे, एवढंच मी रचलं. गणपतीनंतर पुण्याला गेली, ऑफिसात. बाकी डेटाबेसचं सगळं खरं, तुमच्याच धंद्यातलं आहे.

नाही, तरी ती खोली मिळायची नाही. टेबल, खुर्ची, तिची चार्जरची वायर, काही हलवलेलं नाही. खालची खोली घ्या, नाहीतर बंदराकडे लॉज आहे. उठा.