टँकरच्या ग्रुपवर लसीचं भांडण

चूक आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, हे आधीच सांगून टाकतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, म्हणून गल्लीनं टँकरसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्यावर यांनी टाकलं, "गोवरच्या लसीनं लेकरांचे पाय लुळे पडतात." झालं. वहिनी माऊला, म्हणजे माझ्या छोट्या पुतणीला, लस द्यायला नाय म्हणाली.

मी लिहिलं, "तात्या, नोकरीसोबत अक्कल पण रिटायर झाली का?"

सगळे म्हातारे माझ्यावर तुटून पडले. "कॉलेज सोडलेल्यानं शिकवू नये." वहिनी अजूनच अडून बसली.

मग गल्लीतल्याच निकम सिस्टरनी लिहिलं, "तात्या, बोललात ते बरं केलं. ताप येतो, सुईची जागा दुखते. क्वचित एखाद्याला जोराची रिॲक्शन येते, म्हणून आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो. या लसीनं पाय लुळे पडत नाहीत. पण तुम्हाला ही भीती कशानं बसली?"

तात्यांनी लिहिलं, "गावाकडं पिशोरला लहानपणी सुई टोचली अन् आठवड्यात माझी बहीण लंगडी झाली."

आत्या लंगडते हे ठाऊक होतं. कशानं, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सिस्टरनी लिहिलं, "त्यांना तेव्हा काय झालं, ते मी सांगू शकत नाही. उद्या माऊला तुम्हीच दवाखान्यात घेऊन या. काय विचारायचं ते समोर विचारा."

तात्या गेले. तासभर प्रश्न विचारले, मग सुई टोचताना माऊला मांडीवर त्यांनीच धरलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाय.

मला मात्र अख्ख्या ग्रुपवर तात्यांची माफी मागावी लागली.