अस्वलाच्या वाट्याचे डोनट

अस्वलाला आमिष लावून मारायला बंदी आणावी की नाही, यावर त्या दिवशी अमेरिकेतल्या मेन राज्यात मतदान होतं. रांगेत लिओनाच्या पुढे उभी असलेली म्हातारी आर्डिथ आपल्या हौशी शिकारी नवऱ्याला, थर्लोला, झापत होती.

“मी बंदीलाच मत देणार.”

“अगं, आमिष नसलं तर मी दबा धरून बसतो त्या झाडाखाली अस्वल फिरकेल तरी का?”

“आमिष होतं तेव्हा कुठे मारलंत एखादं? हंगामभर रोज बादलीभर शिळे डोनट नेलेत जंगलात.”

“फस्त करून पळतं गं. लबाड जात!”

“आणि पळताना तुमच्या मिशीला साखर पुसून जातं?”

“हळू बोल ना.”

“डॉक्टरांनी गोड बंद केलं, त्याच आठवड्यात बरी तुम्हाला शिकारीची हुक्की आली!”

“एखादा चाखून बघावा लागतो. विटलेला खाऊन बिचाऱ्याचं पोट बिघडलं तर?”

“ज्याला गोळी घालणार, त्याच्या पोटाची काळजी!”

लिओनाने मागे वळून आपल्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. तोही रोज बादलीभर डोनट घेऊन शिकारीला जायचा आणि नुसती रिकामी बादली घेऊन परत यायचा.

“माझ्याकडे काय बघतेस?” वेन्डेल म्हणाला. “आपलं अस्वल खरंच खादाड आहे.”