घरी न सांगण्यासारखा विषय

न्हाई न्हाई, बसा मास्तर, घोंगडं साफ हाय — भिकू खाली रानात गेलाय, यील. पोरगं परीक्षेला का बसलं न्हाई म्हणून इचाराया तुमी पुण्यासनं मुळशीपत्तूर आलात, यष्टीत हाडं खिळखिळी करून घेतली, आन् मी काय दारातनंच माघारी लावीन व्हय? तुमच्या तासाचं समदं सांगितलंय त्यानं मला. युरोपातलं राजकारण आन् व्यापार — नाव तोंडात मावंना! दोन सालांचा इषय सरताना तुमी एकेकाला उभं केलं म्हणं — इषय कसा वाटला, न भिता सांगा. तर त्यो पेढीवाल्याचा पोरगा म्हणला, धंदा आमाला बापानं शिकवलाय, त्याला युरोप कशाला. एक म्हणला, मार्कं पडत्यात, बरा हाय. एक पोरगी म्हणली, काल एकमेकांच्या नरड्यावर बसल्यालं सा देश आज एका बाजारात कोळसा-लोखंड इकत्यात, लई नवल वाटलं. मला बी वाटलं! हितं दोन सख्खं भाऊ एका बांधावरनं बोलंनात. आन् आमचा भिकू काय म्हणला? — "इषय चांगला हाय सर, पण घरी सांगण्यासारखा न्हाई." पोरं हासली. तुमी न्हाई हासलात, म्हणून तर आलात.

त्यानं घरी सांगितला हुता, मास्तर. गेल्याच्या गेल्या दिवाळीला, हितंच, चुलीम्होरं — हालंड म्हणून मुलूख हाय, तितल्या जमिनीवर समुद्र बसल्याला. लोकांनी बांध घातला, पाणी उपसून भाईर टाकलं आन् जमीन मोकळी केली. आता तितं गाया चरत्यात, लोण्याचा व्यापार चालतो. भिकूचा बा जेवायचा थांबला. तुमाला ठावं नसंल — आमचं खरं रान धरणाच्या पाण्याखाली हाय. गाव बुडालं तवा भिकूच्या बाला मिसरूड बी फुटलं न्हवतं. मग ह्या खडकावर वरी-नाचणी करून जगलो, पण ह्याला त्यो कधी 'रान' म्हणला न्हाई. वैशाखात पाणी हटलं की आमी बायका खाली जातो, बुडल्याल्या घराच्या जोत्याला हळदकुंकू लावतो, रडून माघारी येतो. त्यो कधी यायचा न्हाई. त्या साली आला. आन् आमच्या रानाच्या कडंकडंनं दगड रचाया लागला.

गाव हासलं. मी बी म्हणलं, अवं येडं झालात काय — तर म्हणायचा, तितं बी माणसानंच केलंय न्हवं? मिरीगाचा पाऊस आला, पाणी चढाया लागलं, समदी वर आली. त्यो आला न्हाई. भिकू काठावरनं वरडतोय — बाबा, ती लोकं यंत्रानं उपसत्यात, हातानं न्हाई! तेवढंच सांगायचं ऱ्हायलं हुतं त्याचं दिवाळीला. पावसात कुणाला काय ऐकू येतंय? गावला बी न्हाई अजून. म्हणून मी कुकू पुसलं न्हाई, बघा — लोकं बोलत्यात, बोलू देत.

आन् औंदा पाणी हटलं. बांध जागच्या जागी, एक दगड ढळला न्हाई. सोडला तवा गुडघ्याएवढा हुता, मी सोता बघितलाय — आता माझ्या कमरंला लागतोय. पाण्याखाली कुणी रचला? दुसऱ्या दिसापासनं भिकू बी दगड उचलाया लागला. रानात गेलाय म्हणलं न्हवं मी — त्ये हेच रान.

भ्या वाटतंय मला, मास्तर. येकच ऱ्हायलंय माझं. मिरीग तोंडावर आला, आन् त्यो माझं ऐकंना. तुमचं ऐकंल. खाली चला आन् येवढंच सांगा, हालंड-बिलंड समदं खोटं हाय. पुस्तकात चुकून छापलं म्हणा. नापास करा त्याला, कालेजात घेऊ नका, पण येवढं सांगा... बोला की. मान का हालवताय? — खोटं न्हाई? तुमी फोटू बघितलाय? — गाया खरंच चरत्यात? बांधाच्या आत, पाण्याच्या बी खालच्या अंगाला?

मग भिकूचा बा येडा न्हवता म्हणायचा.

उठा, सरका जरा. ती बांबूची पाटी द्या हिकडं, तुमच्या मागं हाय. यष्टी वरच्या फाट्यावर मिळंल, अंधाराच्या आत निघा. पोरगं खाली एकटंच दगडं व्हातंय.