किमयाचा आकडा

“रांगेत बसलीस की नाम घे, दुसऱ्यांचं ऐकू नकोस,” आई सांगायची. रोह्याच्या दवाखान्यात मी नाम घेतच होते; पण शेजारी पेणहून आलेल्या सासूसुना बोलत होत्या.

“आत्या, आपल्या किमयाला बुद्धीच्या चाचणीत ब्याण्णव! आता वेगळ्या शाळेत नाय घालायचं तिला.”

“श्रावणात तर सत्तरच होते गो. एवढ्यात अक्कल वाढली?”

“अक्कल तीच हाय. मॅडम म्हणाल्या, उपाशी, घाबरलेलं पोर कमीच सोडवतं. तेव्हा सोमवार होता ना.”

“चाचणी नीट जावी म्हणून मीच तिला उपास धरायला लावला!”

“आज तुम्हीच भाकरी चारलीत.”

“महादेव म्हणाला असेल, म्हातारे, तुझीच चाचणी घ्यायला हवी.”

दोघी हसल्या. मग सासूबाईंनी हळूच चपला पिशवीत घातल्या.

“आत्या, अनवाणी कुठं?”

“धावीर महाराजांना नवस बोलले होते, अनवाणी येईन म्हणून,” म्हणत त्या देवळाकडे निघाल्या.