पुठ्ठा कापला कशाने?

मनाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचं शिवणाचं दुकान होतं.

“गोळी बदलून महिना झाला. काही फरक पडला का गं?”

“झोप येते, भूक लागते. रडणं तर कधीच थांबलंय.”

“आणि हसणं?”

“तेही थांबलंय, ताई. परवा एका बाईंनी मी शिवलेला कोट माझ्याच टेबलावर आपटला. मी म्हटलं, बरं, ठेवा.”

“तू? एरवी दुकानाबाहेर काढलं असतंस!”

“दादाचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही सगळे नाचलात. मी फक्त उठून पंखा बंद केला.”

“मग गोळ्या सोडायचं म्हणतेस?”

“मनात येतं. पण गोळ्यांआधी अंथरुणातून उठवत नव्हतं, ते परत नको. आणि असं लाकूड होऊनही राहायचं नाही.”

“हेच आत सांग. आपल्या मनाने काही सोडू नकोस. बरं, सकाळी खोकं कापायला मी तुझी कात्री घेतली होती हं.”

“कुठली?”

“ती मोठी, काळ्या मुठीची.”

“पुठ्ठ्याला? ताई, ती कापडाची कात्री आहे! धार जाते, किती वेळा सांगितलंय!”

“अगं हळू, सगळे बघताहेत.”

“बघू देत! घरात सुरी नव्हती? आणि हसतेस काय?”

“आपला नंबर आला. अशीच चिडलेली आत चल.”

“मी चिडलेय?”

“चांगलीच!”

“हो की गं! तरी धार तूच लावून आणायचीस. आजच!”